क्रेन गर्डरचा वेल्ड दुरुस्त करूनही पुन्हा त्याच जागी तडकतो, तेव्हा काय तपासावे

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या शेडमधून, आणि आता सावली-वाघोडियाकडच्या नव्या कारखान्यांतूनही, एक तक्रार वारंवार कानावर येते. ओव्हरहेड क्रेन ज्या गर्डरवर धावते त्याच्या वरच्या फ्लँजखाली (फ्लँज म्हणजे गर्डरची आडवी प्लेट), वेब म्हणजे उभी प्लेट आणि फ्लँज यांना कोपऱ्यात जोडणाऱ्या फिलेट वेल्डच्या कडेने किंवा स्टिफनरच्या, म्हणजे वेबला ताठ ठेवणाऱ्या उभ्या पट्टीच्या, डोक्याशी, तडा दिसतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी क्रेन बंद ठेवून तो गॉज केला जातो (कार्बनच्या काडीच्या विजेच्या ज्योतीने धातू वितळवून खरवडला जातो), वेल्ड भरला जातो, ग्राइंडर फिरवून वर रेड ऑक्साइड लावला जातो. काही महिने बरे जातात आणि मग तडा त्याच जागी, किंवा दोन बोटे पलीकडे, पुन्हा उगवतो. पुढच्या खेपेस तो आणखी लवकर येतो. शेवटी कोणीतरी वरून दहा मिलिमीटरची पट्टी मारून घेतो आणि तडा त्या पट्टीच्या टोकापासून सुरू होतो.

या क्रमात दोष बहुतेक वेळा वेल्डरच्या माथी मारला जातो. तोही बिचारा मान्य करून टाकतो आणि म्हणतो, "साहेब, या वेळी दोन रन जास्त मारतो." मग दोन रन, म्हणजे वेल्डचे थर, जास्त पडतात, इलेक्ट्रोड अधिक ताकदीचा आणला जातो, एखादा हौशी व्यवस्थापक साध्या ई-२५० ऐवजी अधिक ताकदीच्या ई-३५० प्रतीच्या पोलादी प्लेटची शिफारस करतो. या तिन्ही उपायांनी स्थिर भार पेलण्याची क्षमता वाढू शकते, परंतु पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराखाली जोड किती काळ टिकेल यावर त्यांचा परिणाम जवळजवळ होत नाही. तडा ज्या कारणाने आला ते कारण शिल्लक ठेवून नुसता वेल्ड भरणे म्हणजे त्याच आयुष्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करणे होय, आणि दुरुस्तीचा वेल्ड सहसा वर चढून, अवघड कोनात, जखडलेल्या प्लेटवर केलेला असल्यामुळे हे दुसरे आयुष्य पहिल्याहून तोकडे असते.

म्हणून पहिली विनंती अशी की तडा दिसताच गॉजिंगची तार जोडू नये. गॉजिंगमुळे पुरावा नष्ट होतो. आधी रंग काढावा. परंतु वायर ब्रश किंवा ग्राइंडर जोरात न फिरवता रंग उतरवणाऱ्या द्रावाने काढावा, कारण ग्राइंडरने धातू पसरून तड्याचे तोंड बुजते आणि डीपी चाचणीत (रंगीत द्राव तड्यात झिरपवून तो दाखवणाऱ्या चाचणीत) तो दिसेनासा होतो. रंगाखालून निघालेली तपकिरी रेषा पुष्कळदा तड्यापेक्षा लांब किंवा आखूड असते. तड्याच्या बाजू एकमेकींवर घासल्या जाऊन बारीक गंजाची पूड बाहेर येते आणि ती ओघळून खाली उतरते. तेव्हा रेषेवर विश्वास न ठेवता डीपी किंवा, शक्य असेल तर, चुंबकीय कणांची चाचणी करून तड्याची दोन्ही टोके शोधावीत, तिथे पंचने खूण करावी, तारीख लिहावी आणि मोजपट्टी शेजारी धरून फोटो घ्यावा. पंचची ही खूण तड्याच्या टोकावर न मारता त्यापासून थोडी दूर मारावी.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो: तडा वेल्डच्या कडेपासून निघाला आहे की वेल्डच्या मुळातून? वेल्डची कड जिथे प्लेटला मिळते तिथून निघालेला तडा प्लेटमध्ये शिरतो आणि बाहेरून कडेलगत बारीक रेषेसारखा दिसतो. मुळातून निघालेला तडा मात्र आत, दोन प्लेटमधल्या न जोडलेल्या फटीपासून, वेल्डच्या धातूतून वर चढतो आणि वेल्डच्या पाठीवर, साधारण मधोमध, बाहेर येतो. या दोघांचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. कडेचा तडा असेल तर कडेचा आकार सुधारून फायदा होतो. मुळाचा तडा असेल तर कड कितीही गुळगुळीत केली तरी काही उपयोग नाही, तिथे फिलेटच्या जागी पूर्ण भेदन करणारा, म्हणजे प्लेटच्या पूर्ण जाडीतून जाणारा, वेल्डच हवा. बडोद्यात पाहिलेल्या अनेक दुरुस्त्यांत हा भेद न करताच काम उरकलेले असते, आणि माझ्या मते तडा परत येण्याचे निम्मे कारण इथेच दडलेले असते.

अधिक ताकदीचे पोलाद का उपयोगी पडत नाही हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण हा गैरसमज शिकल्यासवरल्या मंडळींतही घट्ट आहे. वेल्ड न केलेल्या, घासून गुळगुळीत केलेल्या पोलादी दांड्यात तडा सुरू व्हायलाच आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडतो, आणि तिथे ताकदवान पोलाद खरोखर अधिक टिकते. वेल्डच्या कडेला मात्र स्लॅगचे, म्हणजे वेल्डवरच्या मळीचे, सूक्ष्म कण अडकलेले असतात आणि अंडरकट, म्हणजे कडेलगत प्लेटमध्ये वितळून पडलेली खाच, असतो; मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास खोलीचे हे दोष म्हणजे तयार तडेच होत. त्यामुळे तडा सुरू होण्याचा टप्पा जवळजवळ वगळला जाऊन सारे आयुष्य तडा वाढण्यात जाते, आणि तडा वाढण्याचा वेग सर्व बांधकामी पोलादांत जवळपास सारखाच असतो. अमेरिकेत लीहाय विद्यापीठात जॉन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आकाराच्या वेल्डेड तुळयांवर केलेल्या चाचण्यांतून हेच ठामपणे पुढे आले की आयुष्य ठरवणाऱ्या गोष्टी दोनच: ताणाचा पल्ला, म्हणजे सर्वाधिक आणि सर्वांत कमी ताण यांतला फरक, आणि जोडाचा आकार.

कमाल ताण बाजूला राहून फक्त पल्ला का मोजायचा, याचे उत्तर वेल्डच्या आकुंचनात आहे. वेल्ड थंड होताना त्याच्या लगतची प्लेट पोलादाच्या यील्ड मर्यादेपर्यंत (ज्यापुढे ते कायमचे ताणले जाते तिथपर्यंत) ताणून धरली जाते. वरून चाकाचा दाब आला तरी हा अडकलेला ताण फक्त थोडा कमी होतो आणि चाक पुढे गेले की पूर्ववत होतो. म्हणजे कागदावर जो भाग दाबाखाली आहे तोही प्रत्यक्षात ओढीच्या पल्ल्यात काम करत असतो. "वरचा फ्लँज तर कॉम्प्रेशनमध्ये आहे, तिथे फटिग कसला?" हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. (फटिग म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने धातू तडकणे.)

आता आकडे पाहू. पोलादी बांधकामाची भारतीय संहिता आय. एस. ८०० : २००७ हिच्या १३ व्या विभागात फटिगची तपासणी दिली आहे. प्रत्येक जोडाला त्याच्या आकारानुसार एक वर्ग दिलेला असतो आणि तो वर्ग म्हणजे ५० लाख आवर्तनांसाठी चालणारा ताणाचा पल्ला, मेगापास्कलमध्ये. त्याहून कमी आवर्तनांसाठी आयुष्य पल्ल्याच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. इथे एक खड्डा आहे ज्यात अनुभवी डिझायनरही पडतात: युरोपीय संहितेतले वर्ग २० लाख आवर्तनांना बांधलेले आहेत. त्यामुळे युरोपीय ७१ आणि आपला ५२ ही एकच रेषा आहे, ८० म्हणजे आपला ५९ आणि ३६ म्हणजे आपला २७. परदेशी पुस्तकातला ७१ हा आकडा उचलून भारतीय सूत्रात टाकला तर आयुष्य अडीचपट फुगून येते.

समजा, एखाद्या स्टिफनरच्या जोडाशी ताणाचा पल्ला ६० मेगापास्कल आहे. जोड नीट केलेला, वर्ग ५९ चा असेल, तर आयुष्य सुमारे ४७ लाख आवर्तने भरते. त्याच जागी फिलेटच्या मुळातून जाणारा भार असेल आणि वेल्डच्या कंठात, म्हणजे त्याच्या सर्वांत अरुंद छेदात, तेवढाच पल्ला पडत असेल, तर वर्ग २७ धरून आयुष्य सुमारे साडेचार लाख आवर्तनांवर येते. क्रेन दिवसाला १५० फेऱ्या मारत असेल, एका बाजूला दोन चाके असतील आणि वर्षाला ३०० दिवस काम चालत असेल, तर चाकाखालच्या जागी वर्षाला ९०,००० आवर्तने होतात. पहिला जोड पन्नास वर्षे ओलांडतो. दुसऱ्याला पाच वर्षांतच धोका सुरू होतो. प्लेट तीच, भार तोच, फरक फक्त जोडाच्या आकाराचा. हे आकडे सुरक्षिततेचा गुणक लावण्याआधीचे आहेत. तपासणीला जागा अडचणीची असेल आणि तो भाग तुटल्यास पर्यायी आधार नसेल, तर संहितेप्रमाणे १.३५ ने ताकद भागावी लागते.

आवर्तने मोजताना एक गोष्ट हमखास सुटते. खालच्या फ्लँजमध्ये वाकण्याचा जो ताण येतो तो क्रेन एकदा पुढून गेली की ढोबळमानाने एकदाच चढतो आणि उतरतो. वरच्या फ्लँजखालचा वेब मात्र प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे दबतो, म्हणून तिथली मोजणी चाकांच्या संख्येने गुणावी लागते. शिवाय रिकामी क्रेन म्हणजे शून्य भार असे धरू नये. ब्रिज (क्रेनचा आडवा पूल) आणि क्रॅब (त्यावर सरकणारी, भार उचलणारी गाडी) यांचे वजन चाकांवर असतेच, आणि क्रॅब ज्या बाजूला उभी असेल त्या बाजूच्या गर्डरला ते अधिक जाणवते. पल्ला निम्मा झाला तर त्याने होणारी हानी आठव्या हिश्श्यावर येते हे खरे, पण अशा फेऱ्यांची संख्याही पुष्कळ असते.

तरीही बहुतेक ठिकाणी मूळ डिझाइनचा हिशेब बरोबर निघतो आणि तडा येतोच, कारण ज्या ताणाने तो येतो तो हिशेबात धरलेलाच नसतो. म्हणून तड्याजवळ जाऊन पुढची गोष्ट पाहावी: रूळ वेबच्या बरोबर मधोमध आहे का? वेबच्या मध्यरेषेपासून रुळाचे सरकणे वेबच्या जाडीच्या निम्म्यापेक्षा अधिक नसावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. आठ मिलिमीटरच्या वेबवर ही मर्यादा चार मिलिमीटर होते. प्रत्यक्षात क्लॅम्प सैल होऊन, किंवा कॉलम ओळीत नसल्यामुळे मुद्दाम सरकवून, रूळ दहा-बारा मिलिमीटर बाजूला गेलेला मी अनेक शेडमध्ये पाहिला आहे. चाकाचा भार १०० किलोन्यूटन असेल आणि रूळ १२ मिलिमीटर सरकलेला असेल, तर प्रत्येक चाकासरशी वरच्या फ्लँजला १.२ किलोन्यूटन-मीटर इतका पीळ बसतो. फ्लँज कलंडतो आणि त्याच्याबरोबर वेबचे डोके आडवे वाकते. हा वाकण्याचा ताण डिझाइनच्या कोणत्याही पानावर नसतो.

स्टिफनर वरच्या फ्लँजला न जोडता थोडे खाली थांबवले असेल, तर ही परिस्थिती आणखी बिघडते. फ्लँज कलंडायला पाहतो, स्टिफनर वेबला धरून ठेवतो, आणि मधल्या दोन-तीन सेंटीमीटरच्या उघड्या पट्ट्यात वेब चाकागणिक मागेपुढे वाकत राहतो. पुलांच्या गर्डरमध्ये हा प्रकार फार अभ्यासला गेला आहे. अशा जागी तडा हालचालीमुळे आलेला असतो, भारामुळे आलेला नसतो. वेल्ड जाड केला तर जागा अधिक ताठ होते आणि तीच हालचाल अधिक ताण निर्माण करते. उपाय दोनच: स्टिफनर फ्लँजला घट्ट बसवून पूर्ण भेदनाच्या वेल्डने जोडावा, म्हणजे हालचालच थांबते, किंवा पट्टा मुद्दाम लांब ठेवून हालचालीला मोकळीक द्यावी. क्रेन गर्डरसाठी माझा कौल पहिल्या मार्गाला आहे, कारण वर रूळ आहे आणि फ्लँजला आधार हवाच. अर्थात रूळ मध्यावर आणल्याशिवाय दोन्ही मार्ग अर्धवटच ठरतात.

तडा गर्डरच्या टोकाशी, कॉलमजवळ असेल तर नजर दुसरीकडे न्यावी. भाराखाली गर्डर मधोमध वाकतो आणि त्याची टोके फिरतात. वरचा फ्लँज कॉलमला जाड प्लेटने पक्का वेल्ड करून टाकला असेल, तर हे फिरणे अडते आणि दर फेरीला तो जोड ओढला-ढकलला जातो. आडवा धक्का पेलण्यासाठी कॉलमशी बांधणी आवश्यकच आहे, पण ती आडव्या दिशेला ताठ आणि लांबीच्या दिशेला लवचीक असावी. इथे वेल्ड भरणे पूर्णपणे निरर्थक आहे. जोड बदलावा लागतो.

खालच्या फ्लँजवर तडा दिसला तर तिथे काय चिकटवले आहे ते आधी पाहावे. केबल ट्रेचा कंस, हवेच्या पाइपचा आधार, कधी चेन ब्लॉक टांगायला मारलेला कान: ही कामे नकाशात नसतात, देखभालीच्या माणसाने गरजेपोटी केलेली असतात. भाराच्या दिशेने लांब असलेला असा तुकडा फ्लँजवर वेल्ड केला की त्या जागेचा वर्ग एकदम खाली घसरतो, तो तुकडा स्वतः एक किलोही पेलत नसला तरी. या बाबतीत अलेक्झांडर एल. कीलंड या नॉर्वेच्या तरंगत्या मंचाचे उदाहरण प्रत्येक फॅब्रिकेटरने लक्षात ठेवावे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात तो उलटला आणि १२३ माणसे गेली. फटिगचा तडा सुरू झाला होता तो एका आधारनळीवर हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारे यंत्र) बसवण्यासाठी केलेल्या, अवघ्या सहा मिलिमीटरच्या फिलेट वेल्डपाशी.

कारणाविषयी शंका राहिली तर स्ट्रेन गेज, म्हणजे धातूचे सूक्ष्म ताणले-दबले जाणे मोजणारी चिकटपट्टी, लावून मोजणी करावी. बडोद्यात ही सोय मिळणे अवघड नाही आणि तिचा खर्च एका फसलेल्या दुरुस्तीपेक्षा कमी असतो. वेल्डच्या कडेपासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १.० पट अंतरावर गेज लावले, तर पहिल्याचे १.६७ पट वाचन वजा दुसऱ्याचे ०.६७ पट वाचन या हिशेबाने कडेवरचा ताण काढता येतो. वेबच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर गेज लावावेत: दोन्हींचे वाचन सारखे आले तर वेब सरळ दबतो आहे, विरुद्ध चिन्हांचे आले तर तो वाकतो आहे. रूळ सरकल्याचा याहून स्वच्छ पुरावा मिळत नाही. मोजणी भारासह, रिकामी आणि क्रॅब दोन्ही टोकांना ठेवून करावी.

कारण दूर केल्यावरच तड्याला हात घालावा. क्रेन लगेच थांबवता येत नसेल तर तड्याच्या टोकाला भोक पाडून त्याची वाढ तात्पुरती रोखता येते. भोकाचा व्यास निदान प्लेटच्या जाडीइतका असावा, तड्याचे खरे टोक भोकाच्या आत आलेच पाहिजे, आणि भोकाची कड रीमरने साफ करावी. टोक एक मिलिमीटरने जरी बाहेर राहिले तरी भोक पाडून काहीच साधत नाही. कायमच्या दुरुस्तीत तडा पूर्ण जाईपर्यंत गॉज करावा, टोकांच्या पुढेही थोडे जावे, कार्बनचा थर ग्राइंडरने एक-दोन मिलिमीटर घासून काढावा आणि डीपी करूनच भरणे सुरू करावे. चाकाचा भार त्या भागावर नको. क्रेन दुसऱ्या टोकाला नेऊन, वीज तोडून, कुलूप लावून ठेवावी. निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे भट्टीत तापवलेले कमी हायड्रोजनचे ७०१८ इलेक्ट्रोड वापरावेत आणि जोड जखडलेला असल्यामुळे प्लेट आधी शेकून घ्यावी. वेब आणि फ्लँज यांच्या मधली फट उरू न देता पूर्ण भेदन साधावे.

कडेचा तडा असेल तर भरून झाल्यावर कड बर ग्राइंडरने घासणे हे या साऱ्या कामातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे पाऊल आहे. इथे चकतीचा ग्राइंडर चालत नाही. गोल टोकाची कार्बाइडची बर लागते. कडेवर उथळ, गुळगुळीत खाच पडली पाहिजे आणि ती प्लेटच्या पृष्ठभागाखाली, अंडरकट असेल तर त्याच्याही तळाखाली, निदान अर्धा मिलिमीटर गेली पाहिजे, कारण स्लॅगचे कण तिथेच असतात. नुसती वरवर चमक आणली तर फायदा शून्य. खोली दोन मिलिमीटरपलीकडे नेऊ नये आणि पातळ वेबमध्ये तर पुष्कळ आधी थांबावे. घासल्याच्या रेघा वेल्डच्या लांबीने न राहता ताणाच्या दिशेने राहाव्यात. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींनुसार असे घासलेल्या जोडाला पल्ल्यात १.३ पट सवलत मिळते, म्हणजे आयुष्य सुमारे सव्वादोन पट होते. त्याच्याच जोडीला ताणाचा पल्ला वीस टक्क्यांनी खाली आणला तर आयुष्य आणखी जवळजवळ दुप्पट होते. हे दोन्ही मिळून जे साधते ते दोन जादा रन मारून कधीही साधत नाही.

वरून पट्टी मारण्याविषयी स्पष्ट सांगतो: तडा झाकणारी पट्टी मारू नये. पट्टी संपते तिथे फ्लँजची जाडी अचानक बदलते आणि तो जोड संहितेतल्या सर्वांत खालच्या वर्गांत मोडतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील यलो मिल पाँड पुलाच्या गर्डरला १९७० साली सापडलेला तडा अशाच पट्टीच्या टोकाशी होता. शिवाय पट्टीखाली जुना तडा वाढत राहतो आणि डीपी चाचणीला तो सापडत नाही.

दुरुस्तीनंतर रुळाची मध्यरेषा आणि क्लॅम्पचे बोल्ट महिन्याभरात एकदा पुन्हा मोजावेत, कारण नव्याने बसवलेला रूळ सुरुवातीलाच सर्वाधिक सरकतो. तड्याच्या जागेची डीपी तपासणी पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी करावी, आणि त्याच गर्डरवरचे न तडकलेले बाकीचे स्टिफनरही त्याच वेळी पाहावेत. त्यांनीही तेवढीच आवर्तने सोसलेली असतात. डोळ्यांना तडा दिसतो तोवर त्या जोडाचे बहुतांश आयुष्य संपलेले असते, त्यामुळे तपासणीची मुदत मागच्या तड्याला दिसायला लागलेल्या वेळेवरून न ठरवता वर काढलेल्या आवर्तनांच्या हिशेबावरून ठरवावी. पंचच्या जुन्या खुणा रंगाखाली बुजू देऊ नयेत, आणि प्रत्येक तपासणीची लांबी, तारीख व क्रेनच्या फेऱ्यांचा आकडा एकाच वहीत लिहीत जावे.